जिवंत माणसाचं नाव

मास्तरांनी कोट तीनदा उसवला, तीनदा शिवला, आणि तरी त्यांचं म्हणणं एकच, डावा खांदा बसत नाही. आता ज्याच्यासाठी कोट, तो धाकटा भाऊ अकरा वर्षांत दुकानाची पायरी चढलेला नाही, तर खांदा बसला की नाही ठरवणार कोण? पण हट्टी माणसाला शहाणपण कोण शिकवणार. धाकट्याचा डावा खांदा अर्ध्या इंचाने खाली आहे हे चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या या माणसाच्या डोक्यात पक्कं होतं.

भांडण झालं होतं ते बापाच्या कात्रीवरून. थोरला मी, कात्री माझी, असं मास्तर म्हणाले. हात माझा चांगला, कात्री माझी, असं धाकटा म्हणाला. शब्दाने शब्द वाढला, धाकटा कात्री घेऊन गाव सोडून गेला आणि बोलणं तुटलं. असल्या फुटकळ गोष्टींवरून सख्खे भाऊ तोंड फिरवतात, काय म्हणावं याला.

चार दिवसांपूर्वी पुतणीचा, म्हणजे धाकट्याच्या लेकीचा निरोप आला. मुलगा झालाय, आठव्या दिवशी नाव ठेवायचंय, आणि बाळाला मांडीवर घ्यायचा मान काकांचा. मास्तर निरोप ऐकून खुर्चीतच बसले. हा मान आजोबाचा असतो. म्हणजे धाकट्याने आपला मान आपल्या हाताने थोरल्याला दिला. एवढा ताठ माणूस वाकला, मग आपण काय दगडाचे आहोत? त्याच दुपारी त्यांनी ठेवणीतलं कापड काढलं.

बायको समोर बसून कोटाला बटणं लावत होती. मान वर करत नव्हती. मास्तरांना मात्र बोलल्याशिवाय राहवेना.

"मेनाखेम," ते म्हणाले. धाकट्याचं हे हिब्रू नाव फक्त प्रार्थनाघरात ऐकू यायचं, गल्लीत त्याला कुणी त्या नावाने ओळखत नव्हतं. "अर्थ काय, तर सांत्वन करणारा. याने जन्मात कुणाचं सांत्वन केलंय? रडणाऱ्याला आणखी दोन टोमणे मारणारा हा."

"असू दे," बायको म्हणाली.

"बाळाला आमच्या बापाचं नाव ठेवतील बघ. आपल्यात गेलेल्या माणसाचंच नाव ठेवायचं. जिवंत माणसाचं ठेवलं तर मृत्यूचा दूत नाव विचारत येतो आणि चुकून पाळण्यापाशी थांबतो, असं आई सांगायची."

बायकोला सुई टोचली. तिने बोट तोंडात घातलं.

आठव्या दिवशी सकाळी मास्तर प्रार्थनाघरात पहिल्या खुर्चीवर बसले. कोटाची पिशवी पायापाशी. नजर दाराकडे. धाकटा दिसेना, पण वेळेवर येईल तो धाकटा कसला. पुतणीने बाळ उशीसकट त्यांच्या मांडीवर ठेवलं. धर्मगुरूंनी पेला उचलला, प्रार्थना सुरू केली आणि नावापाशी आले.

"या बाळाचं नाव असो मेनाखेम."

"थांबा," मास्तर म्हणाले. आवाज एवढा चढला की बाळ दचकून रडायला लागलं. "नाव चुकलं. काय पोरखेळ आहे? तो माणूस जिवंत आहे. येईलच एवढ्यात."

कुणी हसलं नाही, कुणी चूक कबूल केली नाही. पुतणीचा नवरा स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. पुतणी मास्तरांकडे न बघता त्यांच्या बायकोकडे वळली.

"काकी, तुम्ही सांगणार होतात ना."

मास्तरांना प्रश्न कळला, पण डोक्यात शिरेना. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, त्यांची खुर्चीच सरकली. बाळ पडेल या भीतीने त्यांनी उशी दोन्ही हातांनी धरली.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"तीन महिने झाले," बायको म्हणाली. "तुमच्या छातीचं ऑपरेशन झालं, त्याच आठवड्यात. डॉक्टर म्हणाले, सध्या धक्का नको. मग आज सांगू, उद्या सांगू असं करत राहिले. आणि तुम्ही कोट कापायला घेतलात."

"बटणं तूच लावलीस."

"हो."

पुतणी खुर्चीपाशी खाली बसली. "काका, बाबांच्या मागे थोरले तुम्हीच, म्हणून मान तुमचा. तुम्हाला सगळं माहीत आहे असंच मी धरून चालले. तुम्ही नको म्हणालात तर दुसरं नाव ठेवू."

पेला धर्मगुरूंच्या हातात तसाच होता. "पुढे म्हणू का?" त्यांनी हळूच विचारलं.

मास्तरांना नाही म्हणायचं होतं. नाही म्हटलं की नाव चुकलेलं, आणि नाव चुकलेलं म्हणजे धाकटा अजून वाटेत, उशीर करणारा, डावा खांदा पाडून चालणारा. हो म्हटलं की संपलं. त्यांनी पुन्हा एकदा दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं. मांडीवर बाळ रडून लालबुंद झालं होतं, त्याला कुणीतरी हाक मारायला हवी होती.

"म्हणा," मास्तर म्हणाले. "जरा मोठ्याने म्हणा. अकरा वर्षांत त्याला हाक मारलेली नाही मी."

धर्मगुरूंनी नाव पुन्हा उच्चारलं. खोलीतल्या सगळ्यांनी ते एका सुरात म्हटलं. मास्तरांनी सगळ्यांचं झाल्यावर, एकट्याने म्हटलं.