चिखलाला शून्य गुण

माझा धंदा दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा आहे. चाकणच्या एका कंपनीसाठी मी पुरवठादारांचं ऑडिट करतो. भोसरी, तळवडे, महाळुंगे, कुठल्याही शेडमध्ये मी चेकलिस्ट घेऊन शिरलो की मालक स्वतः उठून खुर्ची देतो, चहा सांगतो आणि मनातल्या मनात शिव्या घालतो. अकरा वर्षांत मी एकाही शेडमधून शेरा न मारता बाहेर पडलेलो नाही, आणि याचा मला चांगलाच अभिमान होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी फजिती वाचताना कुणाला उगाच वाईट वाटायला नको.

सासूबाईंचे, म्हणजे गिरजाबाईंचे, दोन्ही गुडघे बदलायचं ठरलं. महिन्याभरानंतरच्या सोमवारची तारीख मिळाली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की चालता येईल, जिने चढता येतील, दुखणं जाईल. फक्त जमिनीवर उकिडवं बसायचं नाही, ते आता कायमचं बंद. आम्ही सगळे खूश झालो. सांगवीच्या फ्लॅटमध्ये उकिडवं बसून करायचं असतंच काय?

त्या रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "त्याआधी मला एकदा खाडीत जायचंय. चिखलात बसून तिसऱ्या काढायच्यात. एकदाच."

सासूबाई दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या. सासरे पिंपरीच्या कंपनीत लागले म्हणून विसाव्या वर्षी इकडे आल्या. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या चिखलात मिळणारे लहान शिंपले, हे मला लग्नानंतर ताटात पडल्यावर कळलं. लहानपणी त्या आईबरोबर रोज सकाळी चिखलात बसून रोवळी भरून काढायच्या. माहेरची ती खाडी आता राहिली नाही, तिथे गाळ उपसून धक्का बांधलाय. त्यामुळे दुसरी कुठलीतरी खाडी शोधायची आणि काठावर मुक्काम करायचा, एवढंच काम होतं. ते मी घेतलं. मला कुणी दिलं नव्हतं.

सासूबाईंनी अट एकच घातली. तिथी बघून दिवस ठरवा, म्हणाल्या. मी मराठवाड्यातला माणूस. तिथी म्हटलं की मला साबुदाण्याची खिचडी आठवते. मी त्यांना हसून सांगितलं की आई, आपल्याकडे तिथी एकच, गुरुवार. आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. साखरपुडे, बारशी, डोहाळजेवणं, आमच्याकडे सगळं गुरुवारी उरकतं. सासूबाईंचा सगळा संसार या गुरुवारांवरच झालेला, त्यामुळे त्या पुढे काही बोलल्या नाहीत. ऑपरेशनच्या आधीचा गुरुवार मी पक्का करून टाकला.

मग मी तक्ता बनवला. पाच कॅम्प, चौदा निकष, प्रत्येकाला दहा गुण. पाण्यापासून अंतर, कमोड, कठडा, पार्किंग, जवळचा दवाखाना. सातवा निकष होता चिखल. भरपूर चिखल असेल तर शून्य, अजिबात नसेल तर दहा.

निशिगंधाने, माझ्या बायकोने, तो तक्ता पाहिला आणि विचारलं की आईला चिखलच हवाय ना? मी तिला शांतपणे समजावलं. चिखल हवाय असं आईंना वाटतं. त्यांची खरी गरज आहे पाण्याच्या सहवासाची. शिवाय तसल्या गुडघ्यांनी चिखलात घसरल्या तर सोमवारचं ऑपरेशन गुरुवारीच करावं लागेल. हे सगळं मी तोंडाने बोललो, ते मागे घेता येत नाही. आमच्या मीटिंगरूममध्ये 'ग्राहकाची गरज ग्राहकाच्याच शब्दांत लिहा' असा बोर्ड आहे आणि तो मीच लावून घेतलाय. निशिगंधा कुकर बघायला निघून गेली.

मी पाचही ठिकाणी फोन लावले. पहिला प्रश्न ठरलेला होता, तंबूपासून पाणी किती मीटरवर आहे? पहिल्या कॅम्पचा मालक म्हणाला, "कधी?" मी म्हटलं, कधी म्हणजे काय, अंतर विचारतोय. तो म्हणाला, तेच, कधी? मी त्याला काट मारली. प्रश्नाला उलट प्रश्न विचारणारा पुरवठादार काहीतरी लपवत असतो, असा माझा अनुभव. दुसरा म्हणाला, ते पाण्यावर आहे. पाणी किती लांब ते पाण्यावर आहे म्हणे! त्यालाही काट. तिसऱ्याने मला गुरुवारी येण्याऐवजी दिवस बदलून या असं सुचवलं, म्हणजे बुकिंग नसताना थाप मारत होता. चौथ्याने फोन उचलला नाही. पाचव्या कॅम्पचं ऑफिस वाकडला होतं. तिथल्या मुलीने एका दमात सांगितलं, "बारा मीटर, सर." हिला म्हणतात प्रोसेस. त्यांना एकशे चाळीसपैकी एकशे सव्वीस गुण मिळाले. चिखलाला त्यांनी स्वतःहून 'अजिबात नाही' सांगितलं होतं.

गुरुवारी पहाटे निघालो. ताम्हिणी घाट उतरून माणगावहून पुढे गेलो आणि साडेदहाला खाडीवर पोचलो. जागा पाहून मला स्वतःचाच हेवा वाटला. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधावर सहा तंबू, समोर लाकडी फळ्यांचा ओटा, त्याला तिन्ही बाजूंनी कठडा, वर चार आरामखुर्च्या आणि पुढे संथ, रुंद पाणी. पलीकडे तिवरांची हिरवी रांग. मी खिशातून टेप काढून अंतर मोजलं. साडेबारा मीटर. अर्ध्या मीटरचा फरक मी मोठ्या मनाने सोडून दिला.

सासूबाईंना खुर्चीत बसवलं, पायाखाली स्टूल दिलं, हातात चहा दिला. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. फोटोत त्या हसल्या. त्यांच्या मांडीवर घरून आणलेली वेताची रोवळी होती. मला वाटलं, तिच्यात दशम्या असतील. दुपारपर्यंत पाणी जेमतेम दहा-पंधरा पावलं मागे गेलं आणि ओट्याखाली चिखलाची एक अरुंद पट्टी उघडी पडली, तेवढीच. बाकी पाणी जागच्या जागी. माझा तक्ता पाणीसुद्धा पाळतंय, असं मी निशिगंधाला म्हणालो.

जेवण झाल्यावर मी तिथल्या संडासाची पाहणी करून, समाधानाने परत येत होतो. तंबूच्या मागे असतानाच बोलणं कानावर पडलं. तिथली देखभाल करणारा रोहिदास, पन्नाशीचा स्थानिक माणूस, सासूबाईंशी बोलत होता.

"आजी, रोवळी कशाला आणलीत? आज भांग आहे. आज कुठल्या तिसऱ्या."

"ठाऊक आहे. अष्टमी आज. निघतानाच ठाऊक होतं."

"मग पुढच्या गुरुवारी यायचं होतं. अमावास्या आहे. उधाणाला सकाळी निम्मी खाडी रिकामी होते."

"पुढच्या गुरुवारी मी हॉस्पिटलात असेन," सासूबाई म्हणाल्या. "आणि जावयांनी महिनाभर खपून ही जागा शोधली हो. त्यांना कसं सांगायचं?"

मी तंबूच्या मागेच थांबलो. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. कुणी शिवी दिली असती तर तिला उत्तर तरी देता आलं असतं.

थोड्या वेळाने मी रोहिदासला बाजूला घेऊन विचारलं, भांग म्हणजे काय? त्याला आधी वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्याने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप मागे जातं. खालचा चिखल उघडा पडतो तो तेव्हाच, आणि तिसऱ्या त्या खालच्या चिखलात. अष्टमीच्या सुमाराला भांग. पाणी ना धड चढत, ना धड उतरत. आमच्या गावाकडे पाणी एकाच दिशेला जातं, खाली, आणि गेलं की टँकरशिवाय परत येत नाही. मला हे कुठून कळणार? पण हा बचाव माझ्यासमोर एखाद्या शेडवाल्याने केला असता, तर मी तो ऐकून घेतला नसता. 'कधी?' असं विचारणारा तो पहिला मालक, 'पाण्यावर आहे' म्हणणारा दुसरा, दिवस बदला म्हणणारा तिसरा, तिघेही शहाणे होते आणि तिघांनाही मी काट मारली होती. सासूबाईंनी तर तिथीचं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी सरळ सासूबाईंपुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, आई, चुकलो. हॉस्पिटलला फोन करतो, दहा दिवस पुढची तारीख घेतो, पुढच्या गुरुवारी परत येऊ. त्या नको म्हणाल्या. तीन महिने झाले, त्या रात्रीच्या झोपल्या नव्हत्या. आता आणखी दहा दिवस निघायचे नाहीत, असं त्यांनी पहिल्यांदाच आमच्यासमोर कबूल केलं. मग त्या कठड्यातून खालच्या त्या पट्टीकडे बघत राहिल्या.

मी रोहिदासला विचारलं, या एवढ्या चिखलात काहीच मिळणार नाही का? तो म्हणाला, अगदी पाण्याच्या कडेला बोटावर मोजण्याइतक्या मिळाल्या तर मिळाल्या. पण तासाभरात पाणी भरायला लागेल.

"चला," मी म्हटलं.

आता खाली उतरायचं कुठून? मी दहापैकी दहा गुण दिलेला कठडा तिन्ही बाजूंनी भक्कम होता. संडासाच्या मागून, बांधावरून वळसा घालून उतरावं लागलं. निशिगंधाने आईचा एक हात धरला, दुसरा मी. सासूबाई अनवाणी होत्या. मी सुरक्षितता म्हणून कंपनीचे सेफ्टी शूज घालून आलो होतो. दुसऱ्याच पावलाला उजवा बूट चिखलाने धरला आणि तिसऱ्या पावलाला मी मोज्यावर होतो. चौथ्या पावलाला मी बसलो, कारण दुसरा पर्याय पालथं पडण्याचा होता. ज्यांच्या घसरण्याची मला महिनाभर काळजी होती त्या माझा दंड धरून मला वर ओढत होत्या. घरात बाथरूमपर्यंत भिंत धरून जाणारी बाई चिखलात माझ्यापेक्षा सरळ उभी होती.

पाण्याच्या कडेला आल्यावर त्या थांबल्या. साडी गुडघ्यावर खोचली. मग माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून हळूहळू खाली बसायला लागल्या. वेदना तोंडावर दिसत होती. निशिगंधा "आई, राहू दे" म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि शेवटची वीतभर खाली गेल्या. बसल्या. उकिडव्या, पाठ सरळ, हात मोकळे. तोंडावरचं दुखणं गेलं आणि मी कधी न पाहिलेली एक मुलगी तिथे बसलेली दिसली. त्यांनी चिखलात मनगटापर्यंत हात घातला आणि डोळे मिटून घेतले.

अर्ध्या तासात सात तिसऱ्या मिळाल्या. त्यातल्या चार फार लहान म्हणून त्यांनी परत चिखलात ठेवल्या.

मी बाजूला उभा राहून, उठवायची वाट बघत होतो. त्या वर न बघता म्हणाल्या, "बसा."

मी बसलो. मोजा एव्हाना ओळखू येत नव्हता.

"हात घाला. बोटं फाकवू नका, जुळवून घाला. आणि बघायचं नाही, बोटांना कळतं ते."

मी हात घातला. पहिल्यांदा दगड निघाला. दुसऱ्यांदाही दगड. तिसऱ्यांदा एक शिंपला मिळाला. मी मोठ्या अभिमानाने त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बोटांत धरून अंगठ्याने दाबला. तो उघडला, आत नुसता गाळ होता. "ही मेलेली. टाका," म्हणाल्या. अकरा वर्षांत माझा माल कुणी नापास केला नव्हता. मला गंमत म्हणजे बरं वाटलं.

"पुढच्या खेपेला मी काठावर उभी राहीन," त्या म्हणाल्या. "बसायचं तुम्ही, काढायच्या तुम्ही. मी वरून सांगेन. म्हणून आत्ताच शिकून घ्या, नंतर मला दाखवता यायचं नाही."

मी पुन्हा हात घातला, या वेळी पार कोपरापर्यंत. त्यांनी त्यांचा हात चिखलाखालून पुढे आणून माझी बोटं धरली, जुळवली आणि थोडी डावीकडे सरकवली. तिथे काहीतरी लहान, गुळगुळीत आणि घट्ट मिटलेलं लागलं.

बांधावरून रोहिदासने हाक मारली, पाणी भरायला लागलंय. निशिगंधाने माझ्याकडे बघितलं. आता उठल्या की सासूबाई पुन्हा अशा बसणार नव्हत्या, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पाणी त्यांच्या टाचांना लागलं, मग घोट्यांना. त्या उठायचं नाव काढेनात, आणि मीही त्यांना उठा म्हणालो नाही.