भिडेपायी राखलेली द्राक्षबाग

वकिलांचा फोन आला तेव्हा तो एका दवाखान्याच्या लिफ्टच्या टपावर उभा राहून रुळांना तेल लावत होता. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि त्यात त्याचं उत्तम चाललं होतं. वकील म्हणाले, "तुमचे मामा तुमच्यासाठी द्राक्षबाग ठेवून गेलेत. म्हणजे अर्धी."

"आणि उरलेली अर्धी?"

"तुमच्या मामींच्या भाचीला."

मामी आधीच गेली होती, आता मामाही. दोघांना मूलबाळ नव्हतं. मामाने आपल्या बहिणीचा मुलगा धरला, मामीच्या बाजूने तिच्या बहिणीची मुलगी धरली, आणि बाग दोघांच्या गळ्यात घालून मोकळा झाला. लिफ्टवाल्याची आई डोळे पुसत म्हणाली, "माझ्या भावाचा जीव होता रे त्या बागेत. निदान जाऊन तरी ये." आईपुढे त्याचं कधी काही चाललंय? गेला.

बागेच्या गावी, वकिलांच्या खोलीत मामीची भाची आधीच येऊन बसली होती. ती त्याच्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलांना पोहायला शिकवायची. रुंद खांदे, कानाच्या वर कापलेले केस, आणि आवाज असा की वकिलांच्या मेजावरचे कागद हलावेत. दिवसभर तरणतलावाच्या गलक्यात बोलायची सवय ना! त्याला ती पाहताक्षणी आवडली, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

"मग आपण एकमेकांचे कोण?" तिने विचारलं.

त्याने बोटांवर हिशेब केला. त्याचा मामा हा तिच्या मावशीचा नवरा. "कोणीच नाही," तो म्हणाला, आणि त्याला उगाचच बरं वाटलं.

वकिलांनी चष्मा पुसला. "विकायची असेल तर दोघांची संमती लागेल. ठेवायची असेल तरी तेच. बोला."

झालं, इथेच घोड्याने पेंड खाल्ली. त्याला बाग नको होती. द्राक्षं दुकानात मिळतात, धुऊन खायची, एवढाच त्याचा त्यांच्याशी संबंध. पण ती खिडकीबाहेर, डोंगरउतारावरच्या वेली दिसत होत्या तिकडे टक लावून बघत होती. त्याला वाटलं, हिचा मावशीवर जीव असणार. आपण 'विका' म्हटलं तर हिच्या काळजाला घरं पडतील. तो म्हणाला, "अशी बाग विकवणार तरी कशी?"

ती चमकून वळली. मग हसली आणि म्हणाली, "नाही ना. किती सुंदर आहे!"

झाला निकाल. त्याने कंपनीतून लांब रजा काढली, तिनेही काढली, आणि दोघं बागेत राहायला आले. ती मामाच्या घरात, तो माल भरायच्या शेडवरच्या खोलीत.

बागेचा सगळा कारभार एका बाईच्या हातात होता. मामाच्या हाताखाली तिने इथेच उमेदीची वर्षं घालवली होती, दोन मुली इथल्याच ओळींमध्ये वाढवल्या होत्या. गाव तिला तोंडावर काकू म्हणायचं आणि मागे फौजदारीण. तिला दोन्ही माहीत होतं, आणि फौजदारीण जास्त आवडायचं. पहिल्याच सकाळी उजाडायच्या आत तिने शेडचं दार बडवलं. "लिफ्टवाले, उठा! छाटणी आहे. वेल काही तुमची झोप व्हायची वाट बघत नाही."

छाटणी म्हणजे गेल्या वर्षीच्या काड्या कापायच्या, पण नेमक्या कुठे कापायच्या ते डोळे बघून ठरवायचं. डोळे म्हणजे काडीवरचे ते बारके फुगवटे, त्यांतूनच पुढचा घड निघतो. त्याला ते डोळे दिसत नसत आणि दिसले तरी ओळख पटत नसे. दुपारपर्यंत त्याने एक अख्खी ओळ अशी कापली की फौजदारीण कंबरेवर हात ठेवून नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "न्हाव्याकडे होतात का आधी?"

मामीच्या भाचीची गत याहून निराळी नव्हती. बुरशी लागू नये म्हणून गंधकाची पूड उडवायच्या दिवशी तिच्या मानेवर, हातांवर लाल चट्टे उठले, डोळ्यांतून धारा लागल्या. तरी संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना ती म्हणालीच, "हवा काय आहे नाही इथली!" आणि शिंकली.

"आणि शांतता!" तो म्हणाला. खरं तर त्या शांततेने त्याला झोप येत नव्हती. शहरात त्याच्या खोलीला लागूनच इमारतीची लिफ्ट होती. तिच्या घरघरीत तो लहान मुलासारखा झोपायचा. इथे पान पडलं तरी दचकून उठायचा. पण कोण बोलणार? भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. ती हवेचं कौतुक करी, तो शांततेचं. तो म्हणे मातीचा वास, ती म्हणे ताऱ्यांचा उजेड. दोघंही इतकं चढवून बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, यांना या बागेतून आता फक्त उचलूनच न्यावं लागेल.

संध्याकाळचा चहा मात्र खरा होता. दिवसभर अंग मोडून घेतल्यावर त्याला तेवढ्या एका तासाची ओढ लागायची. ती तलावावरच्या गोष्टी सांगायची. एक आजोबा म्हणे सत्तरीत पोहायला शिकायला आले, आणि पहिल्या दिवशी पाण्याला 'नमस्कार, ओळख असू द्या' म्हणाले. तो लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायचा. एकदा एक भांडकुदळ नवराबायको दोन तास अडकले आणि दार उघडल्यावर हातात हात घालून बाहेर आले. ती खदाखदा हसली की शेडवरची कबुतरं उडून जायची. बोलता बोलता कधी ती गप्प व्हायची, कधी तो. दोघांच्याही मनात एकच असायचं, पण त्यालाही ते कळत नव्हतं आणि तिलाही नाही. त्याचा हिशेब सरळ होता: बाग सोडली तर ही सुटली. म्हणून बाग धरून ठेवायची.

आणि फौजदारीण तर हात धुऊन मागे लागलेली. हिला वरच्या टोकाला काम दिलं तर याला खालच्या. दोघं एका ओळीत दिसली की काही तरी निमित्त काढून एकाला पिटाळायची. "लिफ्टवाले, पंप बघा! बाई, तुम्ही तारा ओढा, तिकडे, लांब." त्याने मनाशी ठरवून टाकलं, या बाईला आपण डोळ्यांसमोर नको आहोत.

गावाचं मात्र उलट. गाव म्हणजे एक रस्ता, त्यावर पाववाली, शिंपी, औषधांचं दुकान आणि टोकाला जुनं सिनेमागृह. सगळ्यांनी मनातल्या मनात दोघांचं लग्न लावून टाकलं होतं. एके दिवशी पाववालीने त्याच्या हातात पाव ठेवला आणि डोळे मिचकावले. "रविवारी दुपारचा खेळ चुकवू नका. तुमच्यावरच काढलाय सिनेमा!"

सिनेमा खरोखरच तसा निघाला. शहरातल्या एका मुलीला खेड्यात द्राक्षबाग मिळते, शेजारचा तरणाबांड बागायतदार आधी तिच्याशी भांडतो आणि मग भांडायचं विसरतो, असा. थिएटर खच्चून भरलं होतं. गावाने दोघांसाठी मधल्या खुर्च्या मुद्दाम राखून ठेवल्या होत्या. दिवे गेले तरी निम्मं गाव पडद्याकडे बघत होतं आणि निम्मं या दोघांकडे. फौजदारीणही आपल्या मुलींना घेऊन मागच्या रांगेत बसली होती, घुश्शातच.

पडद्यावरची नायिका पांढरे कपडे घालून छाटणी करत होती, आणि कपड्यांना डाग म्हणून नाही. "हिला गंधक लावा जरा," ती त्याच्या कानाशी पुटपुटली. त्याला हसू फुटलं, पण त्याने ते खोकल्यात घातलं. मग गारा पडल्या, हिरो-हिरॉईनने ताडपत्र्या धरून अख्खी बाग वाचवली (दोघांनी! अख्खी बाग!), आणि शेवटी आला तो मोठा प्रसंग. नायिका तळ्याकाठी उभी राहिली, खिशातून शहरातल्या घराची किल्ली काढली, एकदा बघितली, आणि लांब पाण्यात भिरकावून दिली. संगीत चढलं. लोकांनी टाळ्यांसाठी हात वर केले.

आणि तेवढ्यात त्याच्या शेजारून, तरणतलावावर कमावलेल्या आवाजात आरोळी आली, "अगं नको! लागेल ती तुला!"

टाळ्या हवेतच राहिल्या. सगळं थिएटर वळलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, उठली, आणि लोकांच्या गुडघ्यांवर आदळत बाहेर पडली. तो मागोमाग.

बाहेर तिकीटखिडकीच्या पायरीवर ती बसली होती. डोळे पाणावलेले. त्याला वाटलं, संपलं. हिला काही तरी मोठं दुःख झालंय.

"मला माफ करा," ती म्हणाली. "तुमचा एवढा जीव आहे बागेवर, आणि मी सगळ्या गावासमोर... पण आता मला खोटं बोलवत नाही हो. मला नाही राहायचं इथे. मला त्या वेली आवडत नाहीत. मला क्लोरीनचा वास हवाय! मुलांचा आरडाओरडा हवाय. इथल्या शांततेने मला वेड लागायची पाळी आलीय."

तो तिच्याकडे बघतच राहिला. 

"रागावलात?" तिने विचारलं.

"माझा कुणावर जीव आहे म्हणालात?"

"बागेवर. वकिलांकडे तुम्हीच नाही का म्हणालात, विकवणार कशी?"

"मी तुमच्याकडे बघून म्हणालो! तुम्ही खिडकीतून अशा बघत होतात की जशी मावशीच उभी आहे तिथे."

"मी बस किती वाजता परत जाते ते बघत होते. बसथांबा समोरच होता."

तो मटकन तिच्या शेजारी बसला. मग त्याला हसू यायला लागलं, पोटातून, आवरेना असं. तिने आधी दचकून पाहिलं, मग तीही हसायला लागली. हसता हसता तो म्हणाला, "मला डोळे दिसत नाहीत काड्यांवर. एकही नाही. मी डोळे मिटून कापतो." त्यावर ती भिंतीला टेकून इतकी हसली की आतून कुणीतरी "शू!" केलं.

हसू ओसरल्यावर तिने नेमका तोच प्रश्न विचारला. "नको होती बाग, तर राहिलात कशाला? पाठ मोडून घेत?"

आता लपवून काय करणार? "तुझ्यासाठी," तो म्हणाला. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते त्यालाही कळलं नाही. "बाग गेली तर तू पण जाशील असं वाटलं."

तिने पायरीवरची धूळ बोटाने पुसली. "मूर्ख आहेस," ती म्हणाली, आणि एरवीच्या आवाजात नाही, अगदी हळू म्हणाली. "मी तरी कशाला गंधक खात होते मग? शहरात आपली घरं बसने अर्ध्या तासावर आहेत. विचारायचंस की."

त्याचा जीव भांड्यात पडला. खांद्यांवरून कुणीतरी ओलं पोतं काढून घ्यावं तसं झालं. तिने आपला चट्ट्यांनी भरलेला हात त्याच्या फोडांनी भरलेल्या हातात दिला आणि सिनेमा सुटेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

पण एक धास्ती उरली होती. फौजदारीण. मामाची बाग विकायला काढली म्हटल्यावर ती कोयता घेऊनच उभी राहणार. लोक बाहेर पडायला लागले, तसं दोघांनी तिला बाजूला घेतलं. त्याने घसा साफ केला. "काकू, आम्ही ठरवलंय... म्हणजे आम्ही दोघं..."

"लग्न करताय," ती पडलेल्या चेहऱ्याने म्हणाली. "मला दिसत होतं. मी किती लांब लांब ठेवलं तुम्हाला, काही उपयोग झाला नाही."

"पण तुम्हाला आमचं एवढं वावडं का?"

"तुमचं कशाला वावडं असेल? सोन्यासारखी माणसं आहात. पण लग्न केलंत की कायमचे इथे राहाल ना! आणि मी म्हातारी होईपर्यंत तुम्ही त्या वेली अशाच..." तिने हवेत दोन बोटांची कात्री चालवली आणि तिला पुढे बोलवेना.

"काकू, आम्ही जातोय," ती म्हणाली. "शहरात. कायमचे. बाग तुम्ही चालवा. तुम्ही आणि मुली. बागेत तुमचा वाटा किती ठेवायचा ते वकिलांकडून नीट लिहून घेऊ, तुम्ही म्हणाल तसं."

फौजदारीण आधी याच्याकडे बघत राहिली, मग तिच्याकडे. थट्टा नाही ना, याची खात्री झाल्यावर तिने पदराआड नाही, सगळ्या रस्त्यासमोर मोठ्ठा श्वास सोडला आणि पाववालीच्या खांद्याला धरलं. "अहो मग एवढे दिवस का नाही बोललात? मी रोज तुमच्या मागून फिरून तुम्ही कापून ठेवलेल्या ओळी निस्तरत होते!" आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मुली तिच्या गळ्यात पडल्या. गावाला आधी काहीच कळेना, शेवटी शिंप्याने विचारलं, "म्हणजे लग्न आहे की नाही?" आहे म्हटल्यावर त्यांनी सिनेमात राहिलेल्या टाळ्या तिथेच वाजवून घेतल्या.

आईला फोन करताना मात्र त्याने दोनदा नंबर लावून तोडला. त्याने सगळं एका दमात सांगितलं. मग आई म्हणाली, "म्हणजे तू घरी येतोयस?"

"हो."

"देवा! मला वाटलं, तू आता तिकडचाच झालास. मीच धाडलं तुला, आता कुठल्या तोंडाने परत बोलावू, म्हणून गप्प होते." आणि लगेच, "तिला तिखट चालतं का रे?"

वकिलांकडचं काम उरकायला थोडे दिवस गेले. निघायच्या सकाळी दोघं बसथांब्यावर उभे होते. फौजदारीण पोचवायला आली नाही. तिला वेळ नव्हता. वर उतारावर तिचा आवाज ऐकू येत होता, ती मुलींना ओरडत होती, मुली तिला ओरडत होत्या, आणि त्या सगळ्या गोंधळात बाग कशी भरल्यासारखी वाटत होती.

"छान दिसते ना इथून?" तिने विचारलं.

त्याने नीट बघितलं. पहिल्यांदाच बाग त्याला खरोखर छान दिसली. "दिसते," तो म्हणाला. "खरंच दिसते."

बस आली. सामान वर टाकून दोघं मागच्या बाकावर बसले. गाव मागे पडलं, मग नदीवरचा पूलही. खिडकीची काच खडखडत होती, पुढे कुणाचं तरी बाळ रडत होतं, कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होता. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. शहर येईपर्यंत दोघंही गाढ झोपले होते.