अर्धी टाकी

दुधाचा टँकर चालवणं सोपं असतं, हे साप्पोरोच्या मुख्य कचेरीत सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त आम्हा चालवणाऱ्यांना. मला तर बावीस वर्षं झाली तरी उमगलं नव्हतं, म्हणून गेल्या फेब्रुवारीत त्यांनी मला शिकवायला एक माणूसच पाठवला.

त्याच्या आधी एक डबी आली होती. समोरच्या काचेखाली चिकटवलेली, तळहाताएवढी. गाडीला धक्का बसला की ती लाडिक बायकी आवाजात म्हणायची, "आपण अचानक ब्रेक लावलात. मन शांत ठेवा." महिनाअखेरीला सगळ्या ड्रायव्हरांचे गुण शाखेच्या फळ्यावर लागायचे. मला शंभरापैकी एकतीस पडले. माझ्या खाली फक्त मागच्या आवारातली बर्फ लोटायची गाडी होती, आणि ती दोन वर्षं बंद होती.

धक्का का बसतो ते सांगते. पेट्रोलच्या टाकीत मध्ये मध्ये आडव्या भिंती असतात. आमच्या टाकीत नसतात, कारण कानाकोपऱ्यात साय धरते आणि मग टाकी नीट धुता येत नाही. म्हणजे दूध आत मोकळं. आपण ब्रेक लावतो, गाडी थांबते. दुधाला कुणी सांगितलेलंच नसतं. ते पुढच्या भिंतीवर येऊन आपटतं आणि थांबलेल्या गाडीला आणखी दोन हात ढकलतं. टाकी गच्च भरलेली असली तर त्याला हलायला जागा नसते. रिकामी असली तर प्रश्नच मिटला. छळते ती अर्धी. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण काढणाऱ्याने नक्की टँकर चालवला असणार. आणि आम्ही गोठ्यागोठ्यातून दूध गोळा करत फिरतो, त्यामुळे अर्धी टाकी रोजच नशिबी.

तर तो माणूस. त्सुकुदा. चौतिशीचा, घडीही न मोडलेलं जाकीट, आणि पायात असे बूट की आमच्या बेत्सुकाई गावच्या बर्फाने बघून हसावं.

"हागिनिवा-सान, एकतीस म्हणजे जरा..."

"कमीच आहेत," मी म्हटलं. "मी डबीला समजावलं, पण ती ऐकत नाही."

"डबी चुकत नसते. ती फक्त धक्के मोजते."

"मग दुधाला बसवा तुमच्या शिकवणीला. धक्के ते देतं."

तो हसला. कर्मचाऱ्यांशी मोकळेपणाने हसावं, असं कुठल्यातरी पुस्तिकेत लिहिलेलं असावं.

पहिल्या गोठ्यावर मी तिथल्या दुधाच्या टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला, तापमान पाहिलं आणि नमुना काढला. एका गाईच्या औषधाचा अंश आला तर सगळ्या टँकरभर दुधावर पाणी सोडावं लागतं, म्हणून हे सोपस्कार.

"नाकाने तपासता?" त्सुकुदाने विचारलं. "यंत्र नाही का?"

"आहे ना. त्यालाच हागिनिवा म्हणतात."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. खरंच घेतलं.

तिसऱ्या गोठ्यानंतर टाकी निम्मी झाली. पुढे पुलाकडे उतार होता. रस्त्यावर काचेसारखा बर्फ, आणि वाऱ्याने भुरभुरणाऱ्या पांढऱ्या धुरळ्यात रस्त्याची कड कुठे आहे ते खांबांवरून खाली रोखलेल्या लाल-पांढऱ्या बाणांवरूनच कळत होतं. मी पुढे भरपूर जागा सोडून गाडी हळूहळू उतरवत होते.

"फार सावकाश चाललोय आपण," त्सुकुदा म्हणाला.

तेवढ्यात डावीकडच्या वाटेने मिमाता आजोबांचा ट्रॅक्टर गवताचा गठ्ठा घेऊन रस्त्यावर आला. आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. इकडे तिकडे बघायची त्यांना सवय नाही, कारण रस्ता व्हायच्या आधी ती जमीन त्यांच्या वडिलांची होती.

आमच्यामध्ये दीडशे मीटर होते. पुरेसे होते. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, इंजिनाला गाडी धरून ठेवू दिली आणि ब्रेकवर अंडं ठेवल्यासारखा पाय ठेवला.

"ब्रेक! ब्रेक लावा!" त्सुकुदा ओरडला.

"लावतेय."

"जोरात लावा हो!"

आणि शिकवायला आलेल्या त्या माणसाने वाकून हातब्रेकचा दांडा ओढला.

मागची चाकं जागच्या जागी अडकली. पाच टन दूध आधी पुढे धावलं, मग मागे गेलं, आणि मग आपल्याला आडवंही जाता येतं हे त्याच्या लक्षात आलं. गाडीचं शेपूट उजवीकडे निघालं. मी त्सुकुदाच्या हातावर चापट मारली, दांडा परत ढकलला आणि पूल यायच्या आत गाडी डाव्या कडेच्या बर्फाच्या ढिगात घातली. ट्रॅक्टर नाही, पूल नाही, ओढा नाही, तर मग बर्फ. निवड करायला दोन सेकंद होते, त्यातलं एक चापटीत गेलं होतं.

"आपण अचानक ब्रेक लावलात," डबी म्हणाली. "मन शांत ठेवा."

गाडी त्सुकुदाच्या बाजूला कलली होती. त्याच्या खिडकीत नुसता बर्फ दिसत होता. मागे टाकीत धप्प... धप्प... असा आवाज, आणि प्रत्येक धप्पला गाडी आणखी बोटभर कलायची.

"मी... मरतोय का?"

"अजून नाही. हलू नका. दुधाला आधी थांबू द्या."

मी मांडीवर नोंदवही उघडून वेळ लिहिली. बावीस वर्षांत मी एकदाही गाडी उलटवलेली नाही. उलटलेली मात्र एकदा पाहिली आहे. ते बर्फावर सांडलेलं दूध बर्फापेक्षा वेगळं दिसत नव्हतं, आणि त्यामुळेच ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आवाज थांबल्यावर आम्ही माझ्या दारातून वर चढून बाहेर आलो. मिमाता आजोबा ट्रॅक्टरवरून उतरून उभेच होते.

"काय गं सुमिए, इकडून कुठे निघालीस?"

"तुम्हाला वाट द्यावी म्हटलं."

"बरं केलंस," ते म्हणाले. "आणि हा कोण?"

"हे सुरक्षा विभागाचे."

आजोबांनी गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि साखळी आणायला गेले. म्हातारी माणसं कधी कधी फार क्रूर वागतात.

क्रेन कुशिरोहून यायला तीन तास लागणार होते आणि वारा वाढत होता. तेव्हा ट्रॅक्टरनेच ओढायचं ठरलं. पण एका दमात ओढलं तर दूध उलटं धावून गाडी पलीकडे पाडणार. वीतभर ओढायचं, थांबायचं, दूध स्थिरावलं की पुन्हा वीतभर.

"पण स्थिरावलं हे कळणार कसं?" त्सुकुदाने विचारलं.

"वर उचललेल्या बाजूने टाकीला कान लावा. टोपी मध्ये ठेवा, नाहीतर कान इथेच राहील. आवाज थांबला की हात वर करा."

तो दीड तास तसा उभा होता. बूट भिजले होते, ओठ निळे पडले होते. सुरुवातीला तो घाईने हात वर करायचा, मग हळूहळू वाट बघायला शिकला. एकदा आजोबांनी उगाच घाई केली तेव्हा तो चक्क त्यांच्यावर खेकसला, "अहो थांबा! अजून येतंय ते परत!"

दुपारी बारा वाजता गाडी चारही अंगांनी सरळ रस्त्यावर उभी राहिली. कारखान्यातल्या तपासणीच्या मुलीने दूध पास केलं आणि वर म्हणाली, "एवढं घुसळूनही लोणी नाही आलं, हागिनिवा-सान?"

शाखाप्रमुख कुवाबारा अपघाताचा कागद घेऊन बसलेच होते. डबीने नोंद केली होती, चालत्या गाडीत हातब्रेक. ते 'चालकाची चूक' या रकान्यावर खूण करणार, इतक्यात त्सुकुदा म्हणाला, "दांडा मी ओढला."

कुवाबारांनी चष्मा काढला. "तसा रकाना नाही. चालक, रस्ता, हवामान, प्राणी. चारच आहेत."

"माहीत आहे," त्सुकुदा म्हणाला. "हे रकाने मीच ठरवलेत."

त्याने पेन घेऊन 'प्राणी'वर खूण केली आणि पुढे स्वच्छ अक्षरांत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मला हसू आवरलं नाही. कुवाबारांना आवरलं, म्हणून तर ते शाखाप्रमुख आहेत. पुढच्या महिन्यात मुख्य कचेरीचं पत्रक आलं: हिवाळ्यात रस्त्यावरील प्राण्यांपासून सावध राहा. सोबत हरणाचं चित्र होतं.

पण त्या दिवशी दोन गोठे राहिलेच होते. गाडी कलंडली म्हणून गाई काही दूध द्यायच्या थांबत नाहीत. मी टाकी धुऊन निघाले, तर त्सुकुदा कुणाचे तरी रबरी बूट घालून गाडीपाशी उभा.

"विश्रामगृहात जा. गरम पाण्यात बसा," मी म्हटलं.

"येऊ का? कशाला हात लावणार नाही."

तो आला. हात मांडीखाली दाबून बसला होता. शेवटच्या गोठ्यावर त्याने नळी धरली, न सांगता झाकण पुसलं, आणि मग वाकून दुधाचा वास घेतला. त्याला काय कळलं कुणास ठाऊक.

गोठ्याच्या मालकिणीने मला बाजूला घेऊन विचारलं, "हा नवा कोण गं?"

"ड्रायव्हर नाही," मी म्हटलं. "पण ऐकू येतं त्याला."