चमच्याने पाजलेलं

वाटीत काढलेलं दूध तिने बेसिनमध्ये ओतलं आणि पांढरेपणा पार जाईपर्यंत नळ सोडून ठेवला. लेक जन्मून सहा दिवस झाले होते, त्यातले तीन अतिदक्षता विभागाच्या काचेमागे गेले होते. छाती दगडासारखी घट्ट व्हायची, दर तीन तासांनी दूध काढावंच लागायचं, आणि त्यातला एक थेंबही लेकीला द्यायची मनाई होती.

काचेमागे एका नळीतून साखरेचं पाणी जात होतं, दुसरीतून पांढऱ्या पिशवीतला मेद. प्रथिनं बंद. बारा वर्षं ती शाळेत विज्ञान शिकवत आली होती. कर्बोदकं ऊर्जा देतात, मेद साठा करतात, प्रथिनं शरीर बांधतात. वर्गातली पोरं एका सुरात घोकायची. प्रथिनं मोडली की मागे अमोनिया उरतो, आणि तो निपटायला लागणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, एखाद्या बाळाच्या अंगात नसूही शकतं, हे मात्र तिच्या कुठल्याच धड्यात नव्हतं. आईचं दूध पोटात गेलं, त्याचं विष झालं, आणि ते मेंदूत चढलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला खोलीत बोलावलं. दार स्वतः उठून लावलं, तेव्हाच तिला काय ते कळलं.

"अमोनिया उतरत नाहीये. दुपारचा आकडा सकाळपेक्षाही वर गेलाय."

"रक्त शुद्ध करायचं मशीन चालू आहे ना?"

"आहे. पण खोटी आशा मी दाखवणार नाही." डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. "पहिलं बाळ कितव्या दिवशी गेलं म्हणालात?"

"सातव्या. जंतुसंसर्ग झाला असं सांगितलं होतं तेव्हा."

"सुस्त होतं? पीत नव्हतं?"

"ओढतच नव्हता. मग सासूबाई चमच्याने पाजायच्या. रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी म्हणायचे, झोपू दे त्याला. तर म्हणायच्या, उपाशी पोटी का कुठे लेकरं झोपतात!"

डॉक्टरीणबाईंचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं.

"तोही यानेच गेला असणार," त्या हळूच म्हणाल्या. "तेव्हा कुणाच्याही लक्षात आलं नसतं."

"आणि पाजलं नसतं तर?"

"थोडे दिवस मिळाले असते. कदाचित निदानही झालं असतं. पण बाई, यात दोष कुणाचाच..."

तिने मान हलवली. पुढचं तिला ऐकायचं नव्हतं.

बाहेर येते तोच नवऱ्याचा फोन आला. प्रथिनं नसलेल्या खास दूधभुकटीसाठी तो पहाटेच दुसऱ्या शहरात गेला होता.

"डबा मिळाला!" तो जवळजवळ ओरडलाच. "चार दुकानं पालथी घातली, पण मिळाला. निघतोय लगेच."

"नीट ये," ती म्हणाली. "घाई करू नकोस."

सासूबाई बाकावर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. ती शेजारी टेकली.

"काय म्हणाल्या गं?"

"बघू म्हणाल्या."

सासूबाईंना उमजलं. मग सासूबाईंनी तिच्याकडे न बघताच विचारलं, "आपल्या बाळालाही हेच होतं का?"

गेल्या तीन वर्षांत त्यांनी त्याचा विषय एकदाही काढला नव्हता.

"नाही आई. त्याचं वेगळं होतं. संसर्गच होता तो. आत्ता मी मुद्दाम विचारून घेतलं."

"दुधाचं काही नाही ना? मी आपली पाजत होते, तो तोंड फिरवायचा तरी..."

"दुधाचा काही संबंध नाही."

सासूबाईंचे खांदे खाली आले. त्यांनी दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं.

"म्हणजे शेवटपर्यंत त्याच्या पोटात काहीतरी गेलं. उपाशी नाही गेलं माझं लेकरू."

"नाही," ती म्हणाली. "तुमच्यामुळे उपाशी नाही गेलं."

तीन रात्रींचं जागरण होतं. थोड्या वेळाने सासूबाईंचं डोकं तिच्या खांद्यावर कललं आणि श्वास संथ झाला. ती हलली नाही. हात बधिर झाला तरी तशीच बसून राहिली.

काचेचं दार उघडून नर्स बाहेर आली. हाक न मारता नर्सने तिच्याकडे नुसतं बघितलं.

तिने बोटाने 'आलेच' अशी खूण केली. आपली कापडी पिशवी जवळ ओढली, सासूबाईंचं डोकं अलगद पिशवीवर टेकवलं, आणि त्यांना जाग येणार नाही अशा बेताने उठून एकटीच आत गेली.