सावधानमधली दाढ

प्रशिक्षण केंद्रात तिला सगळे काडी म्हणत. अंगानं तशीच होती, आणि दोन महिन्यांच्या कवायतीनं ताठही तशीच झाली होती. पहिल्याच दिवशी उस्तादांनी बजावलं होतं, "वरिष्ठांशी बोलायचं ते सावधानमध्ये. टाचा जुळलेल्या, मुठी मांडीला, नजर समोर. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही."

त्यामुळे वरची दाढ ठणकायला लागली तेव्हा पंचाईत झाली. केंद्रातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई हुद्द्यानं कॅप्टन होत्या. काडी दवाखान्यात शिरली, खटकन सावधानमध्ये उभी राहिली आणि उभीच राहिली.

"खुर्चीत बस."

"वरिष्ठांसमोर आडवं होता येत नाही, मॅडम."

"बरं, मग विश्राम."

"विश्राममध्येही उभंच राहायचं असतं, मॅडम."

बाईंनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा लावून चाळलं. पोरीचं बरोबर होतं. बाई उंचीनं बेताच्या. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या, सुई टोचून हिरडी बधिर केली आणि चिमटा लावला. दाढ काही हलेना.

तेवढ्यात दार उघडून कमांडंट साहेब आत आले. बाईंना ते वरिष्ठच. बाईंनी स्टुलावरच टाचा जुळवल्या आणि दोन्ही हात झटक्यात मांडीला आणले. उजव्या हातात चिमटा होता, चिमट्यात काडीची दाढ.

आठ दिवसांचा ठणका गेला म्हणून काडीला हसू फुटलं.

"कॅडेट, दात काय काढतेस?"

"मी काढला, सर," बाई म्हणाल्या.

साहेबांनी दाढ निरखून पाहिली. त्यांचा स्वतःचा डावा गाल टम्म सुजला होता. चिमट्याच्या धास्तीनं त्यांनी तीन आठवडे कळ सोसली होती.

"दुखलं?"

"कळलंसुद्धा नाही, सर."

"मग माझीही अशीच काढा."

"पण सर, त्यासाठी तुमच्याहून वरिष्ठ कुणीतरी आत यायला हवं," बाई म्हणाल्या. "असं इथं कोण आहे?"

साहेबांनी सुजलेला गाल चाचपला. मग हळूच म्हणाले, "आई आहे. मागच्या क्वार्टरमध्ये."

काडीला पिटाळलं. ती आजींना घेऊन परतली तेव्हा साहेब खुर्चीत आ करून पडले होते आणि बाईंनी चिमटा दोन्ही हातांनी गच्च धरला होता. आजींना दार वाजवायची सवय नव्हती.

"काय रे, कशाला बोलावलंस?"

साहेब ताडकन उभे राहिले. चिमटा जागेवरच राहिला, दाढही त्यातच.

"पोक काढून उभा राहू नकोस," आजी म्हणाल्या. साहेब आणखी ताठ झाले. तोंडातून रक्ताची धार लागली होती. आजींनी पदरानं ती पुसली आणि रिकाम्या खुर्चीत स्वतः जाऊन बसल्या. "आलेच आहे तर माझी कवळी बघा हो बाई. फार ढिली झालीय."

बाई कवळी घासत बसल्या. काडी आणि साहेब भिंतीशी सावधानमध्ये उभे होते. काडीची हिरडी आता जागी होऊ लागली होती.

"उभे काय राहिलात दोघं?" आजी बोळक्या तोंडानं म्हणाल्या. "टेका की खाली."

नियमांच्या पुस्तकात याबद्दल काही नव्हतं. साहेब आधी टेकले, मग जरा अंतर ठेवून काडी. थोड्या वेळानं साहेबांनी रक्त टिपायला बाईंनी दिलेल्या गुंडाळीतला अर्धा कापूस तोडून तिच्यासमोर धरला.