भावकूअण्णांचा दुपारचा पहारा

या, जरा पुढं सरकून बसा. खांबाला टेकलेल्या माउल्यांनो, तुम्हीसुद्धा. एका भ्यालेल्या माणसाची गोष्ट सांगतो, पण भ्याला म्हणून हसायचं न्हाय बरं का.

कडोलीच्या पलीकडच्या एका गावात हरिनामाचा सप्ता बसला की वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि जाताना दोघं एकमेकांच्या पायावर डोकं ठेवतात. दुपारी दोन ते चार वीणा घेऊन उभं राहायचा पहारा कैक वर्षं भावकूअण्णांचा.

अण्णांची कंबर बारा वर्षं दुखत होती. दुखण्याशी त्यांची ओळख होती. भीती मात्र नवी. यंदाच्या उन्हाळ्यापासून पायाखालची जमीन खरी वाटेना. गोठ्यातून येताना ते भिंत चाचपायचे, आणि कुणी बघितलंच तर भेगा बघतोय असं दाखवायचे. बेळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आजोबा, दुखतं म्हणून तुम्ही अंग ताठ धरता, त्यानं तोल जातो. काठी घ्या. रोज ओट्याला धरून उभं राहायचा सराव करा." पण एका हातात वीणा, दुसऱ्या हातात चिपळ्या, काठी कुठल्या हातात धरायची? आणि गेल्या साली शेजारचा परशराम न्हाणीत पडला, खुबा मोडला, तीन महिन्यांत गेला. अण्णांनी घरात कुणाला काही सांगितलं नाही.

त्या दिवशी वीणा घेताना ते वाकले आणि मंडप गर्रकन फिरला. कसेबसे सरळ झाले. पण चार वाजता वीणा देताना पुन्हा वाकायचं होतं, आणि आता दोन तास त्यांच्यापुढं तेवढंच उभं होतं.

नाम घेताना सवयीनं त्यांनी डोळे मिटले. भक्तीत डोळे उघडे ठेवायचे म्हणजे चोरीच, असं लहानपणापासून ऐकलेलं. डोळे मिटले तशी जमीनच गेली. अंग मागं झुकलं. डोळे उघडून त्यांनी समोरच्या समईवर नजर रोवली. विठ्ठल, विठ्ठल. पायाची बोटं चटईत रुतली होती. मी पडलो तर पडलो, पण गळ्यातली वीणा फुटली तर?

बायकांच्यात बसलेल्या नागुबाईंनी ती बोटं बघितली. टाळ खाली ठेवून उठल्या आणि नवऱ्याच्या मागं जाऊन पाठीला तळवा लावून उभ्या राहिल्या.

"आगं बया," बायकांतल्या मालुबाई म्हणाल्या, "लग्नातबी एवढी चिकटून हुबी न्हवतीस की गं!"

"तवा ह्यो हलत न्हवता," नागुबाई म्हणाल्या.

बायका हसल्या. अण्णांना हसू आलं नाही. तळव्याखाली त्यांची पाठ थरथरत होती, आणि आता ते बायकोला कळलं होतं.

चार वाजले. पुढच्या पहाऱ्याचा भरमू पाय धुऊन आला. वीणा त्याच्या गळ्यात गेली, तो अण्णांच्या पायावर डोकं ठेवून उठला. आता अण्णांची पाळी. सगळा मंडप बघत होता. अण्णा अर्धे वाकले, कमरेत कळ आली, समई डावीकडं सरकली.

ते थांबले. 

"भरमू," ते म्हणाले, "मला वाकाय येत न्हाय रं. पडतो मी. लई भ्या वाटतंय."

टाळ थांबले.

भरमू गळ्यातली वीणा सावरत पुन्हा खाली वाकला. "व्हय अण्णा, मग तुमच्या वाटणीचं मीच वाकतो. देवाला काय, डोकं कुणाचं हाय ते कळतंय."

नागुबाईंनी अण्णांना धरून चटईवर बसवलं. भीती गेली का? न्हाय. बसल्यावरसुद्धा त्यांनी नागुबाईंच्या लुगड्याचा धरलेला पदर सोडला नव्हता.

तेव्हा माउल्यांनो, तुमच्या पुढ्यात वाकता वाकता एखादा म्हातारा थांबला, तर त्याला ताठा आला म्हणू नका. हात पुढं करा, आणि आमच्या भावकूअण्णांची तेवढी आठवण ठेवा.