शुक्रवारचा शेक

कमी

मेंदूखालची गाठ काढल्यावर झुंबरच्या शरीरात पुरुषी हार्मोन बनेनासं झालं. रिपोर्टात तसं आलं. साल २००२. चंद्रभागेने तो वाचला आणि तिला त्या दिवशी गाढ झोप लागली. नवरा भिंतीकडे तोंड करून झोपतो, त्याला कारण मिळालं होतं. कारण रक्तात होतं.

उपाय

दर तिसऱ्या शुक्रवारी इंजेक्शन. सातपूरला शनिवारी कारखाना बंद, म्हणून शुक्रवार. औषध तेलकट, कुल्ल्यात गाठ धरायचं. घरी आल्यावर झुंबर पालथा पडायचा, चंद्रभागा तव्यावर फडकं गरम करून शेक द्यायची.

"इथं?"

"नाय. जरा वर."

शनिवारची सुट्टी, तरी रात्र कोरडीच जायची.

नॉर्मल

दाढी दाट झाली. झुंबर पुन्हा मशीनवर चढवायचे जड लोखंडी जॉब एकट्याने उचलू लागला. शेजारच्या मशीनवरचा सुनील म्हणाला, "झुंबरशेठ, काय खाता? वहिनींनाच विचारलं पाहिजे."

"विचार. लाटणं घेऊनच सांगेल."

सगळे हसले. तोही हसला.

डॉक्टर विचारत: ताकद? झोप? भूक? झुंबर म्हणे, चांगलं आहे. पुढचा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही आणि झुंबरने तो विषय काढला नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला. दुसऱ्या दिवशी चंद्रभागेने केसांना मेंदी लावली. ठेवणीतली साडी घरातच नेसली. मग बारीक व्हायला रात्रीचं जेवण सोडलं.

"काय चाललंय तुझं?"

"रक्त तर बरं झालं तुमचं. मग राहिलं कोण? मीच ना."

 इच्छा होत नाही एवढंच त्याला ठाऊक होतं, जशी एखाद्याला गोडाची होत नाही. गोडाचा त्यात दोष नसतो. पण हे बोलायचं कसं.

पुन्हा कमी

झुंबरने इंजेक्शन बंद केलं. शुक्रवारी तो दवाखान्याच्या वाटेला लागायचा, कोपऱ्यावर चहा प्यायचा, घरी येऊन पालथा पडायचा. ती शेक द्यायची. मग एक दिवस त्याने रक्त तपासून घेतलं.

"बघ. कमी आलंय. माझ्यातच हाय ते."

तिने कागद हातात घेतला नाही.

"सुई टोचलीच नाय, तर कमीच येणार."

"कोण म्हणलं?"

"मागच्या दोन्ही खेपांना गाठ लागली नाय हाताला."

"मग शेक का दिला?"

"तेवढाच हात लावू देता तुम्ही."

त्याने कागदाची घडी घातली.

"तुझ्यामुळं नाय, हे तुला पटावं म्हणून केलं."

"मग तोंडानं सांगायचं. त्याला रक्त कशाला काढायचं?"

शुक्रवार

ताकद? झोप? भूक?

या वेळी डॉक्टरांसमोर दोघं बसले होते.

"एक राहिलं," झुंबर म्हणाला. "इंजेक्शन घेतलं की रिपोर्ट नॉर्मल येतो. तरी बायकोजवळ जावंसं वाटत नाय. तिचं काय चुकत नाय त्यात."

चंद्रभागा टेबलाकडे बघत होती.

"असं होतं," डॉक्टर म्हणाले. "हार्मोन भरून निघालं तरी इच्छा येतेच असं नाही. दुसरीही कारणं असतात, ती शोधू. आधीच सांगायचं होतं."

"तुम्ही विचारलं नाय," चंद्रभागा म्हणाली.

संध्याकाळी तवा तापला. गाठ हाताला लागली.

"इथं?"

"हां." थोड्या वेळाने: "फडकं गार झालं."

ती उठू लागली.

"हात राहू दे," झुंबर म्हणाला.